बोर्डीचा चिकू महोत्सव: कधी जावं, काय पाहावं आणि चांगला चिकू कसा निवडावा

प्रश्न असा आहे: मुंबईहून घरातल्या मोठ्यांना आणि लहान मुलांना घेऊन बोर्डीच्या चिकू महोत्सवाला जायचं आहे. एका दिवसात होईल का, काय पाहावं, काय विकत घ्यावं? आणि तिकडून आणलेले चिकू कधीकधी घरी पिकतच नाहीत, नुसते सुरकुततात, ते का?

एका दिवसात जाऊन येता येतं, पण मग फक्त महोत्सवाचं मैदान पाहून होतं. मैदान म्हणजे दुकानाची दर्शनी बाजू. पीक वाड्यांमध्ये, म्हणजे चिकूच्या बागांमध्ये असतं आणि ते सकाळीच पाहायचं असतं. म्हणून एक मुक्काम धरा. शनिवारी दुपारी पोहोचा, संध्याकाळ मैदानावर घालवा, रविवारी सकाळी वाडीत जा आणि फळांची खरेदी अगदी शेवटी, निघताना करा. बहुतेक लोक याच्या उलट करतात. आल्या आल्या दहा किलो चिकू घेतात, ते दिवसभर गाडीच्या डिकीत तापतात आणि घरी पोहोचेपर्यंत निम्मे मऊ, निम्मे कच्चे होऊन बसतात.

बोर्डी हे पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्याचं, गुजरातच्या सीमेजवळचं समुद्रकाठचं गाव. शेजारीच घोलवड. महाराष्ट्रात चिकूची पहिली लागवड १८९८ मध्ये याच घोलवडला झाल्याचं कृषी खात्याच्या साहित्यात नोंदलेलं आहे. पारशी-इराणी आणि स्थानिक बागायतदारांनी ती पुढे पट्टाभर पसरवली आणि झाडांवरची मेहनत मुख्यतः वारली व इतर आदिवासी मजुरांनी केली, आजही तेच करतात. १९९१ मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला आणि मोठ्या उद्योगांवर मर्यादा आल्या. मुंबईच्या इतक्या जवळ मैलोन् मैल वाड्या टिकल्या, त्यामागे हे एक मोठं कारण आहे. २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळालं. ते घोलवडच्या महाराष्ट्र राज्य चिकू उत्पादक संघाच्या नावावर आहे. मानांकनात इथल्या चुनखडीयुक्त मातीचा आणि तिच्यामुळे येणाऱ्या वेगळ्या गोडीचा आधार दिलेला आहे. महोत्सव २०१३ पासून सुरू झाला. स्थानिक ग्रामीण उद्योजकांनी एकत्र येऊन तो उभा केला आणि बोर्डीच्या एस. आर. सावे कॅम्पिंग ग्राउंडवर तो भरत आला आहे.

तारखेबद्दल आधीच सांगायला हवं. महोत्सव थंडीच्या उत्तरार्धात, एखाद्या शनिवार-रविवारी ठेवला जातो, पण तारीख तिथीशी बांधलेली नाही. आयोजकांच्या जाहीर घोषणेशिवाय मुक्कामाचे पैसे भरू नका. महोत्सवाची तारीख तुमच्या सुट्टीशी जुळली नाही तरी डिसेंबर ते मार्च या काळात वाड्यांमध्ये तोडणी चालूच असते. त्यामुळे खाली लिहिलेलं वाडीबद्दलचं, फळाबद्दलचं आणि वारली चित्रांबद्दलचं सगळं महोत्सवाशिवायही लागू पडतं.

प्रवासाचं पटकन. लोकल डहाणू रोडपर्यंतच जाते. चर्चगेटहून तिला साधारण तीन तास लागतात आणि विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच असतात. घोलवड हे डहाणूनंतरचं लगेचचं स्टेशन आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या आणखी कमी. वेळ जुळली तर घोलवडला उतरा, तिथून बोर्डी रिक्षाने अगदी जवळ आहे. नाहीतर डहाणूला उतरून एसटी किंवा शेअर रिक्षाने नरपड, चिखले, घोलवड असं किनाऱ्याकाठाने जा. परतीची गाडी आधी ठरवा, जायची नंतर. रविवारी संध्याकाळी परतीची गाडी चुकली की लहान मुलांना घेऊन फलाटावर फार वेळ बसावं लागतं. स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी अहमदाबाद महामार्गावरून चारोटीला डहाणूकडे वळावं. नाशिककरांना त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी हा रस्ता आहे. तो घाटाचा आहे, अंधार पडायच्या आत पार करा. मुक्कामासाठी बोर्डी-घोलवडमध्ये वाड्यांमधली घरं आणि छोटी रिसॉर्ट आहेत. महोत्सवाच्या शनिवार-रविवारी ती लवकर भरतात. फोनवर खोली ठरवताना एकच गोष्ट विचारा: सकाळी वाडीत तोडणी पाहायला मिळेल का? ज्यांची स्वतःची वाडी आहे ते लगेच हो म्हणतात.

आता वाडी. महोत्सवात वाडी-सफर ठेवलेली असते. तिची नावनोंदणी मैदानावर पोहोचताच करा आणि सकाळची तुकडी मागा. तोडणी सकाळी होते. दुपारनंतर माल धुऊन, निवडून गाडीवर चढलेला असतो आणि पाहायला फक्त झाडं उरतात.

चिकूच्या झाडाची एक गोष्ट लक्षात आली की बाकीचं सगळं उलगडतं. एकाच फांदीवर फूल, वाटाण्याएवढं फळ, अर्धं वाढलेलं फळ आणि तयार फळ, सगळं एकाच वेळी असतं. फुलापासून फळ तयार व्हायला सात ते दहा महिने लागतात. म्हणजे थंडीत तुमच्या हातात येणारा चिकू आदल्या उन्हाळ्याच्या सुमारास फुलावर होता आणि अख्खा पावसाळा त्याने झाडावर काढला. पावसाळ्यात संततधार लागली, वाडीत हवा खेळली नाही, की बुरशीमुळे फळं सडून गळतात आणि त्याचा फटका थंडीच्या मालाला बसतो. एखाद्या वर्षी महोत्सवात चिकू कमी आणि महाग दिसला तर त्याचं कारण बहुधा आदल्या जुलै-ऑगस्टमध्ये सापडतं.

म्हणूनच चिकू झाड हलवून पाडता येत नाही. लांब काठीच्या टोकाला आकडी आणि जाळी बांधलेली असते, तिला इकडे बेडणी म्हणतात. तोडणारा खालून पाहून तयार फळ ओळखतो, आकडीने देठ ओढतो आणि फळ जाळीत पडतं. झाडं जुनी आणि उंच, दोन झाडांमध्ये साधारण दहा मीटर अंतर, आणि एकेक फळ पारखून काढायचं. यात कौशल्य आहे. तयार फळाचा रंग फिकट बटाट्यासारखा होतो, सालीवरचा तपकिरी भुसा झडायला लागतो आणि टोकाला चिकटलेला सुकलेला काटा बोट लावताच पडतो. खाली बसलेल्या बायका आकारानुसार प्रतवारी करतात. ठिकठिकाणी फळ फिरत्या ड्रममध्ये धुतात, त्याने उरलेला भुसा निघून साल गुळगुळीत होते.

वाडीत जाताना पायात बूट हवेत. झाडांभोवतीच्या आळ्यांमध्ये पाणी सोडलेलं असतं. अंगावर जुने कपडे घाला. तोडलेल्या देठातून पांढरा चीक गळतो, त्याचे डाग साबणाने जात नाहीत. हाताला लागला तर आधी खोबरेल तेल चोळा, मग धुवा. मुलांना बेडणी हातात द्यायची असेल तर मालकाच्या परवानगीने आणि एखाद्या खालच्या फांदीवरच. खेचाखेचीत पुढच्या हंगामाची फुलं तुटतात. तोडणाऱ्यांचे फोटो विचारून काढा. त्यांचा कामाचा दिवस असतो, कार्यक्रम नसतो.

इथला मुख्य वाण कालीपत्ती. पानं गर्द हिरवी, फळ लांबट गोल, साल पातळ, गर मऊ, बिया एक ते चार. साधारण दहा ते बारा फळं एका किलोत बसतात. क्रिकेट बॉल नावाचा मोठा, गोल वाणही कुठेकुठे दिसतो. त्याचा आकार डोळ्यात भरतो, पण गर जरा रवाळ आणि गोडी कमी. मोठं फळ म्हणजे चांगलं फळ असं चिकूत धरू नका. खायला मध्यम आकाराची कालीपत्तीच घ्या.

घरी चिकू का पिकत नाही, याचं उत्तर असं: ते फळ अपक्व तोडलेलं असतं. चिकू झाडावरून उतरल्यावर पिकतो, पण तो आधी झाडावर पूर्ण वाढलेला असेल तरच. भाव चढलेला असताना अपक्व मालही बाजारात येतो, आणि ड्रममध्ये धुऊन निघाल्यावर कच्चा आणि तयार चिकू दिसायला सारखाच गुळगुळीत दिसतो. म्हणून विकत घेताना ही तपासणी करा. विक्रेत्याला विचारून एका फळाच्या सालीवर नखाने हलका ओरखडा काढा. खाली पिवळसर किंवा फिकट बदामी रंग दिसला आणि ओरखडा कोरडा राहिला तर फळ तयार आहे. हिरवी रेघ दिसली किंवा चिकाचे थेंब आले तर ते फळ घरी सुरकुतेल, चावताना रबरासारखं लागेल आणि तोंडात तुरटपणा राहील. पेटीच्या वरच्या थरातलं एक आणि तळातलं एक, अशी दोन फळं तपासा. चांगला विक्रेता याला हरकत घेत नाही.

दुसरी तपासणी छिद्रांची. सालीवर टाचणीपेक्षा जरा मोठं, स्वच्छ गोल भोक दिसलं तर ते बी पोखरणाऱ्या अळीचं असतं. ही अळी कोवळ्या फळात शिरते, बीच्या आत वाढते आणि पूर्ण वाढ झाली की गर पोखरून बाहेर पडते. म्हणजे तुम्हाला दिसतं ते बाहेर पडतानाचं भोक. फळ वरून छान, पण आतून बोगदा काळा पडलेला. अशी एक-दोन फळं प्रत्येक वाडीत निघतात. पण एका किलोत तीन-चार दिसली तर दुसऱ्या गाळ्यावर जा.

किती घ्यायचे? चार-पाच माणसांच्या घराला पाच किलो पुरे. शेजाऱ्यांना वाटायचे असतील तर जास्त. सगळे टणकच घ्या. पिकलेले फक्त तिथेच खायला. पिकलेला चिकू प्रवासात तग धरत नाही, आणि एक फुटला की त्याच्या रसाने पेटी आंबते. खोक्यात तळाला भाताचा पेंढा किंवा वर्तमानपत्राचे चुरगळलेले कागद, मग फळांचे जास्तीत जास्त तीन थर, प्रत्येक थरामध्ये पुन्हा पेंढा. प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत कधीच नको, आत वाफ धरते आणि देठाकडून बुरशी येते. सुकी मासळी घेतली असेल तर ती वेगळ्या बंद डब्यात, शक्यतो वेगळ्या पिशवीत. चिकूला वास लागतो आणि तो सालीतून जात नाही.

घरी आल्यावर फळं धुऊ नका. कोरड्या फडक्याने पुसा आणि तीन भाग करा. एक भाग पिकलेल्या केळ्यांबरोबर कागदी पिशवीत किंवा झाकलेल्या टोपलीत ठेवा, तो तीन-चार दिवसांत पिकतो. दुसरा तांदळाच्या डब्यात किंवा पेंढ्याच्या अढीत, त्याला थंडीत पाच ते सात दिवस. तिसरा खोलीत उघड्यावर पसरून, तो सगळ्यांत शेवटी तयार होतो. असं केल्यावर पाच किलो चिकू एकाच दिवशी पिकून अंगावर येत नाहीत. रोज सकाळी देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून पाहा. मऊपणा तिथेच आधी येतो. पिकलेलं फळ फ्रिजमध्ये तीन-चार दिवस चांगलं राहतं. कच्चं फळ मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. जास्त थंडीने त्याची पिकण्याची क्रिया बिघडते आणि बाहेर काढल्यावरही ते नीट पिकत नाही. अर्धवट गाभुळलेल्या चिकूचा मिल्कशेक घशाला धरतो, तेही न पिकलेल्या फळातल्या तुरट द्रव्यामुळे. पूर्ण पिकलेलाच वापरा. लहान मुलांना देताना बिया आठवणीने काढा. चिकूच्या बीच्या टोकाला आकडा असतो, गिळली गेल्यास ती घशात अडकू शकते.

मैदानावरच्या चिकूच्या पदार्थांबद्दल. चिकूचे सुकवलेले काप, म्हणजे चिप्स, पावडर, लोणचं, हलवा, बर्फी, जॅम, आइस्क्रीम, सगळं मिळतं. घरी नेण्यासारखे त्यातले सगळ्यांत चांगले काप आणि पावडर. कापांचा भाव पाहून लोक दचकतात, त्यांच्यासाठी हिशेब: चिकूच्या गरात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असतं. एक किलो नीट सुकलेल्या कापांसाठी साडेतीन किलोंच्या आसपास गर लागतो, आणि साल-बिया धरल्या तर फळ चार किलोंहून जास्त. वर सोलणं, कापणं, दोन-तीन दिवस सौर ड्रायरमध्ये वाळवणं. म्हणून ताज्या चिकूच्या चार-पाच पटीपेक्षा स्वस्त काप दिसले तर ‘साखर घातली आहे का?’ असं विचारा. साखरेच्या पाकात मुरवून सुकवलेले काप चकचकीत आणि चिकट असतात, बिनसाखरेचे मंद तपकिरी आणि चिवट. एक काप मोडून पाहा: वाकून मग तुटला तर ठीक, नुसता वाकतच राहिला तर ओल शिल्लक आहे आणि पंधरा दिवसांत बुरशी येईल. पावडरीचं पाकीट उघडण्याआधी हलवा. आत गोळे झाले असतील तर तिने हवेतली ओल ओढली आहे. घरी नेल्यावर पावडर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा आणि आत ओला चमचा घालू नका. हलवा आणि बर्फी तिथेच खा, त्यांत मावा असतो.

बोर्डीत चिकूपासून वाइन करणारी वायनरीही आहे. तिथून बाटली घेतली तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: बोर्डीपासून गुजरातची हद्द काही मिनिटांवर आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. बरेच जण महोत्सवाला जोडून गुजरातेतलं उदवाडा किंवा संजाण पाहायला जातात. गाडीत वाइन असेल तर तो बेत आधी उरका, बाटली नंतर घ्या. नीरा प्यायची असेल तर सकाळी लवकर आणि थंड असतानाच. ऊन चढलं की ती आंबायला लागते आणि मग ती नीरा राहत नाही. ताडगोळ्यांचा खरा हंगाम उन्हाळ्यात, थंडीत त्यांच्यामागे लागू नका.

जेवणाचं म्हणाल तर दोन्ही चवी घ्या. बचत गटांच्या गाळ्यांवर तांदळाची आणि नाचणीची भाकरी, चवळी-वालाची भाजी, केळीच्या पानातली पानगी, ओल्या-सुक्या मासळीचं कालवण मिळतं. गावात पारशी-इराणी पद्धतीचं जेवण करून देणारी घरं आहेत, तिथे आदल्या दिवशी सांगावं लागतं. थंडीच्या दिवसांत मातीच्या मडक्यात पापडी, कंद, रताळी, बटाटे भरून, सुगंधी पाल्याने तोंड बंद करून मडकं उलटं जाळात भाजतात. पालघरकडे ती उकडहंडी, सीमेपलीकडे वलसाडच्या बाजूला उंबाडियु. मडकं फोडल्यावर लगेच खायची वस्तू आहे, बांधून आणली तर चव अर्धी राहते. सुके बोंबील घ्यायचे तर किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यात घ्या. बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले तुम्हाला डोळ्यांनी दिसतात. चांगला बोंबील पांढुरका-सोनेरी आणि कडक असतो, पिवळा पडून तेलकट वास येत असेल तर जुना.

जिल्ह्यातल्या इतर मालापैकी वाडा कोलम तांदळाला मानांकन आहे. फेब्रुवारीत मिळतो तो बहुधा त्याच हंगामातला नवा तांदूळ. तो पाणी कमी ओढतो, नेहमीएवढं पाणी घातलं तर भात गिच्च होतो. जुना मिळाला तर जुना घ्या. ‘कोलम’ नावाखाली दुसरा बारीक तांदूळही विकला जातो, म्हणून गोणीवर उत्पादकाचं नाव आणि मानांकनाची खूण पाहा. बहाडोलीच्या जांभळांनाही मानांकन आहे, पण ती पावसाळ्याच्या तोंडाची. थंडीत त्यांचा रस किंवा पावडर असेल तेवढीच.

वारली चित्रांच्या गाळ्यांसाठी वेळ राखून ठेवा. हा त्या चित्रांचा मूळ मुलूख आहे. पद्मश्री जिव्या सोमा मशे याच तालुक्यातल्या गंजाड भागातले, आणि भिंतीवरची ही चित्रं कागदा-कापडावर आणून जगापुढे नेण्यात त्यांचा वाटा मोठा. मुळात हे चित्र लग्नाच्या चौकाचं: शेणा-गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीचं टोक ठेचून केलेल्या कुंचल्याने सवासिनी देवचौक रेखतात, मधोमध पालघाट ही मातृदेवता, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. विकायला असलेल्या चित्रांत तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरचा नाच, भातलावणी, झोडणी, ताड-माड जास्त दिसतात. एखाद्या चित्रात चौक दिसला तर चित्रकाराला त्यातली आकृती कोणती, कशासाठी, हे विचारा. मनापासून सांगतात, आणि तुम्ही काय विकत घेताय ते कळतं.

हाताचं काम ओळखण्यासाठी रेघ जवळून पाहा. काडीने ओढलेली रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी बारीक असते, एकाच नाचातल्या दोन माणसांचे पाय कधी हुबेहूब सारखे नसतात. छापील कापडावर सगळ्या आकृत्या तंतोतंत आणि रंगाचा थर सपाट. छापील वस्तू घेण्यात गैर काहीच नाही, पण हाताच्या चित्राचा भाव त्याला देऊ नका. चित्र तांदळाच्या पिठाचं आहे की तयार पांढऱ्या रंगाचं, हेही विचारा. पिठाचं चित्र गुंडाळलं की पापुद्रे सुटतात, ते पुठ्ठ्यांमध्ये सपाटच न्यायला हवं. तयार रंगातलं कापड गुंडाळता येतं, पण चित्राची बाजू बाहेर ठेवून आणि जाड नळीवर, घडी अजिबात नाही. मागच्या बाजूला चित्रकाराचं नाव, पाडा आणि वर्ष लिहून घ्या. भाव करताना ‘याला किती दिवस लागले?’ हे आधी विचारा. हातभर कापडावरचं दाट काम दोन-चार दिवसांचं असतं, आणि ते ऐकल्यावर निम्म्या किमतीला मागायचा धीर सहसा होत नाही.

मुलांसाठी वारली चित्रांची कार्यशाळा असेल तर अवश्य बसवा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून माणूस, एवढ्यावर सुरुवात होते आणि तासाभरात मुलं आपापला नाच काढतात.

तारप्याचा नाच संध्याकाळी. तारपा सुकवलेल्या भोपळ्याचा आणि बांबूच्या नळ्यांचा, वाजवणारा श्वास न तोडता वाजवत राहतो. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. वाजवणाऱ्याने सूर बदलला की पावलं बदलतात. पाहणाऱ्यांना सामील व्हायला बोलावतात तेव्हा साखळीच्या शेवटी जाऊन लागा, मध्येच शिरू नका. सूर कळायच्या आत मध्ये घुसलेल्या माणसामुळे पूर्ण ओळीची पावलं चुकतात. भाताच्या कापणीच्या दिवसांचा हा नाच आहे, गाव आणि देव दोघांसाठी. मैदानावर तो दोन-तीन वेळा होतो, त्यातला शेवटचा निवांत असतो आणि तोच पाहा.

रोख पैसे सुटे ठेवा. गर्दीच्या वेळी नेटवर्क जातं आणि पाड्यांवरून आलेल्या सगळ्या विक्रेत्यांकडे मोबाइलवर पैसे घेण्याची सोय असतेच असं नाही. मैदानावर दुपारी ऊन लागतं, संध्याकाळी समुद्राचा गार वारा सुटतो. वयस्कर माणसांसाठी घडीची खुर्ची आणि शाल नेलीत तर ती दोन्ही उपयोगी पडतील. सुरूच्या बनापलीकडचा किनारा सपाट आहे, ओहोटीला पाणी फार लांब जातं. भरती लागली की ते वेगाने परत येतं, तेव्हा भरती-ओहोटीची वेळ पाहूनच मुलांना पुढे जाऊ द्या.

रविवारी वाडीनंतर दोन-तीन तास हातात असतील तर कोसबाडला जा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलांसाठीच्या अंगणवाडीची मुळं इथली आहेत. चालायला तयार असलेल्यांसाठी बहारोटच्या गुंफा आहेत. संजाण शत्रूच्या हाती पडल्यावर पारशांनी आपला पवित्र इराणशाह अग्नी तिथे लपवून ठेवला होता. चढ कडक आहे, आजी-आजोबांना आणि लहान मुलांना घेऊन तो करू नका.

कोसबाड हिललाच कृषी विज्ञान केंद्र आहे. ज्यांना गावी चिकू लावायचा आहे त्यांनी कलमांची चौकशी तिथे करावी, रस्त्याकडेच्या गाडीवर नाही. कलम खिरणी या झाडाच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर, केलेलं हवं. खिरणी सावकाश वाढते म्हणून कलम महाग पडतं, पण त्याचं झाड दणकट होतं आणि दीर्घकाळ टिकतं. कलमाचा जोड बोटांनी चाचपून पाहा, तो भरून आलेला आणि सरळ हवा. जोडाच्या खालून फुटवा आलेला असेल तर तो खिरणीचा आहे, लगेच काढून टाका. नाहीतर तोच जोर धरतो आणि वरचा कालीपत्ती मरतो. थंडीत घेतलेलं कलम लगेच जमिनीत लावू नका. पिशवीतच अर्ध्या सावलीत ठेवा, माती ओलसर राहील एवढंच पाणी द्या आणि पहिले एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर जून-जुलैत लावा. खड्डा मीटरभर लांब, रुंद आणि खोल, दोन झाडांत दहा मीटर अंतर, जोड मातीच्या वर वीतभर राहील असा, आणि वाऱ्याने जोड मोडू नये म्हणून बाजूला काठीचा आधार. पहिली दोन-तीन वर्षं आलेली फुलं खुडून टाका.